घाईचं माप

अण्णांनी आयुष्यात हजारो मापं घेतली असतील. छातीची, कमरेची, खांद्यांची, बाह्यांची. माझं घेतलं ते घाईचं. टेप लावून, इंचांत. आणि मापाच्या वहीत रीतसर लिहूनही ठेवलं: ‘छाती बेचाळीस. कंबर दिसते तेवढी. घाई पावणेचार.’

तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून सावकाश सांगतो. मला सावकाश सांगता यायला लागलं, तीच खरं तर ही हकिकत आहे.

बंगळुरात, चामराजपेटेतल्या एका बोळात अण्णांचं शिलाईचं दुकान होतं. पुढच्या खोलीत पायमशीन, कापायचं टेबल आणि इस्त्री. मागच्या खोलीत चार स्टुलं आणि भिंतीला टांगलेल्या तीन गिटारी. सकाळी पँटी, चारनंतर गिटार. बोळातले लोक जाता-येता विचारायचे, “काय अण्णा, आज शिवताय का वाजवताय?” अण्णा मान वर न करता म्हणायचे, “दोन्ही एकच की. धागा तुटायला नको, अष्टे!” अष्टे म्हणजे कानडीत ‘एवढंच’. अण्णांच्या तोंडी हा शब्द शेवटच्या टाक्यासारखा यायचा. तो आला, की विषय संपला असं समजायचं आणि दोरा कापायचा.

त्यांच्या गळ्यात टेप कायम असायचा. दुकानात असणारच, पण देवळात, लग्नात, मतदानाच्या रांगेत, एवढंच काय, दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवे पडलेले असतानासुद्धा. “काढला तर मान गार पडते,” असं कारण ते सांगत. त्यांचं घराणं बंगळुरात कधी आलं, तेही ते असंच सांगत: “साडेतीनशे वर्षांमागं सैन्याचे कपडे शिवायला आलो, परत जायचं राहून गेलं.” जणू काही गेल्या रविवारची बस चुकली होती.

आता माझ्याविषयी. मी मूळचा निपाणीचा. नोकरीसाठी बंगळुरात आलो त्याला पंचवीस वर्षं झाली, राहतो के. आर. पुरमला. स्वभाव घाईचा. मी समोरच्या माणसाची वाक्यं पूर्ण करतो. बायको म्हणते, “मी जरा…” आणि मी म्हणतो, “बाजारात जाऊन येतेस, बरं, पिशवी घे.” ती म्हणते, “पडते म्हणणार होते.” जेवताना माझं ताक पिऊन झालेलं असतं तेव्हा बाकीच्यांची आमटी चाललेली असते. चाळिशीत मी गिटार शिकलो आणि ही घाई माझ्या बोटांत उतरली.

आमची मुक्ता गाते. चांगली गाते, हे बापाचं कौतुक नाही; बापाच्या साथीवरही ती गाऊ शकली यावरूनच ते सिद्ध होतं. तीन वर्षांपूर्वी सोसायटीच्या कार्यक्रमात ती गायली आणि मी साथ केली. पहिलं कडवं ठीक गेलं. दुसऱ्या कडव्यात मला वाटलं, रंग भरतोय. तिसऱ्यात मुक्तानं एक अख्खी ओळ गाळली आणि धापा टाकत शेवट गाठला. लोक टाळ्या वाजवत होते. मी वाकून वाकून नमस्कार करत होतो. घरी येताना लिफ्टमध्ये ती हसत हसतच म्हणाली, “बाबा, तुम्ही वाजवायला लागलात की मला चालत्या बसमध्ये चढल्यासारखं वाटतं.” त्यानंतर ती मोबाईलवरच्या तयार ट्रॅकवर गायला लागली.

लोकहो, मुलीनं आपल्या जागी दुसरा वादक घेतला असता तर मी त्याच्यात चार खोड्या काढून दाखवल्या असत्या. मोबाईलमध्ये काय खोड काढणार?

मग तिचं लग्न ठरलं. मुहूर्त डिसेंबरातला, आणि लग्नानंतर ती जयपूरला जाणार. जेवणं झाल्यावर ती एक गाणं म्हणणार, हेही ठरलं. साथीला कोण, हे मी विचारलं नाही. तिनं आपण होऊन सांगितलं, “ट्रॅक डाउनलोड करून ठेवलाय बाबा.” माझ्या हातात आठ महिने होते. त्या आठ महिन्यांत मला माझी खुर्ची परत मिळवायची होती.

मोबाईलमध्ये मेट्रोनोमही होता. ठरलेल्या वेगानं टिक टिक करणारं, वाजवणाऱ्याला लयीत ठेवणारं ते यंत्र. मी सहा दिवस त्याच्याबरोबर सराव केला. मागून हवालदार चालत असावा आणि आपण काहीही केलेलं नसताना चोरासारखं वाटावं, तसं व्हायचं. सातव्या दिवशी मी ते ॲप उडवून टाकलं आणि ऑफिसातल्या एकानं दिलेला पत्ता शोधत अण्णांच्या दुकानात उभा राहिलो.

“काय शिकायचंय?” अण्णांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. सोसायटी, लिफ्ट, मोबाईल, डिसेंबर, जयपूर.

अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. “एवढं सगळं एका श्वासात? अक्का, पाणी दे बा ह्यांना.”

अक्का म्हणजे त्यांची बायको. सगळा बोळ तिला अक्का म्हणत असे, म्हणून अण्णाही म्हणत. ती काजं करायला बसलेली असायची. तिच्या शेजारी लाकडी, चावीचा, देवळाच्या शिखरासारखा निमुळता मेट्रोनोम होता आणि त्याच्या अंगात, मी शपथेवर सांगतो, कोट होता. आत कापूस भरलेला, रेशमी अस्तराचा, पुढे एक बटण असलेला कोट.

“ही मावशी,” अण्णांनी ओळख करून दिली. “नमस्कार करा.”

मी केला. मागच्या स्टुलावरून कुणीतरी फिसकन हसलं. त्या सुनंदाबाई, हायस्कुलातल्या निवृत्त गणिताच्या बाई, वय त्रेसष्ट.

“यंत्राला नाव नाही दिलं की माणूस त्याला दुश्मन समजतो,” अण्णा म्हणाले. “मावशी कुणावर रागवत नाही. मावशी कुणासाठी थांबत पण नाही. तिच्या घरी गेल्यासारखं वाजवायचं. आता ऐका. मावशी टिक टिक करेल, तुम्ही तिच्याबरोबर वाजवा. मग अक्का तिला कोट घालेल. आत मावशी चालूच असते, फक्त तुम्हाला ऐकू येत नाही. तुम्ही वाजवत राहा. सोळा टिका झाल्या की अक्का कोट काढेल. तेव्हा बघू, मावशी कुठं आणि तुम्ही कुठं.”

कोटाला एक बारीक खिडकी होती. अक्का तिच्यातून मावशीचा हलता दांडा बघायची आणि काजं करता करता टिका मोजायची. अण्णांनी गळ्यातला टेप काढून दोन्ही हातांत धरला. शेवटच्या तीन-चार टिकांना, एका टिकेला बरोबर एक फूट, अशा चालीनं तो त्यांच्या चिमटीतून सरकू लागला. मी सतरावा ठोका दिला तसा त्यांनी टेप अंगठ्यानं दाबला. अक्कानं कोट काढला होता. मावशीची टिक आली तसा त्यांनी दुसरा अंगठा दाबला. मधलं अंतर उजेडाकडे धरून वाचलं आणि वही उघडली.

“पावणेचार इंच घाई.”

“पावणेचार?” सुनंदाबाई म्हणाल्या. “माझी पहिल्या दिवशी सव्वा होती.”

असा माझा प्रवेश झाला. अण्णा मला ‘ओ निपाणी’ म्हणू लागले आणि तिसऱ्या आठवड्यापासून ‘अरे निपाणी’.

मेट्रोनोमवर मिनिटाला किती टिका याचे आकडे असतात. अण्णा आकडे बोलतच नसत. चव्वेचाळीसला ते ‘के. आर. पुरमचा पूल’ म्हणत, म्हणजे संध्याकाळी सहाला तिथं गाड्या जशा सरकतात तो वेग. साठ म्हणजे ‘अक्काची काजं’. शहात्तर म्हणजे ‘पेटेतली भाजीवाली’, जी चालता चालता हाळी देते पण टोपली हलू देत नाही. शंभरच्या पुढे ‘देवनहळ्ळीची बस’, कारण गावाबाहेर पडल्यावर तिला कुणी अडवत नाही. आणि अगदी वर, एकशे साठाच्या आसपास, ‘निपाणी’. “आज निपाणीनं वाजवायचं का?” असं सुनंदाबाई मुद्दाम विचारायच्या. अण्णा गंभीरपणे म्हणायचे, “नको. कोट फाटेल.”

पण गंमत अशी की चव्वेचाळीसला वाजवायचा मला पूर्वी भयंकर कंटाळा यायचा. दोन टिकांमध्ये एवढी जागा, तिच्यात करायचं काय? आता मी डोळे मिटून पुलावर उभा राहू लागलो. पुढे टेंपो, शेजारी रिक्षा, कुणालाही कुठंही जायचं नाही. अण्णा म्हणायचे, “टिक आली की वाजवतोस, ते बरोबर. पण टिक नसते तेव्हा काय करतोस? तिथं राहायला शिक. घर तिथं आहे.”

कोटाचा खेळ रविवारी सकाळी रंगायचा. कोट निघताना जो मावशीच्या टिकेवर बरोबर सापडेल त्याला अक्काच्या हातचं एक कोडबळं, म्हणजे आपलं कडबोळं. सुनंदाबाईंच्या पुढ्यात ढीग लागायचा. त्या एकेक कडाकड फोडत आणि माझ्याकडे सहानुभूतीनं बघत. मला चार आठवड्यांत एकही मिळालं नाही. मग मी काय केलं असेल?

बरोबर. चोरी केली.

भिंतीवर एक घड्याळ होतं. मावशी अक्काच्या काजांच्या वेगानं, म्हणजे साठवर चालली, की एक टिक म्हणजे एक सेकंद. आणि घड्याळाला सेकंदकाटा होता! त्या रविवारी मी तंद्री लागल्याचा आव आणून, तोंड किंचित वर करून, काट्याकडे बघत वाजवलं. घाई शून्य इंच. पुन्हा शून्य. तिसऱ्यांदा शून्य. माझ्या पुढ्यात तीन कोडबळी आली. सुनंदाबाई चष्मा पुसू लागल्या. अण्णांनी वहीत लिहिलं, वही मिटली.

पुढच्या रविवारी मी पुन्हा तंद्री लावली. सोळा ठोके थाटात दिले, सतरावा दिला आणि कोडबळ्यासाठी हात पुढे केला. टेप अण्णांच्या हातातून सरकतच होता. कोट निघाला होता, मावशीची टिक येत नव्हती. ती आली तेव्हा अण्णांनी मोजून सांगितलं, “सव्वासहा.” त्यांनी मावशीच्या दांड्यावरचं वजन गुपचूप साठावरून अठ्ठावन्नावर सरकवलं होतं. मी घड्याळाबरोबर प्रामाणिकपणे धावत मावशीच्या पुढे निघून गेलो होतो.

“ते घड्याळ माझ्या सासऱ्यांनी दिलेलं,” अण्णा शांतपणे म्हणाले. “चाळीस वर्षांत ते माझं झालं नाही. तुझं कसं होणार?”

“माझ्या बाबांना मधे आणायचं नाही,” अक्का काजं करता करता म्हणाली. “आणि निपाणीला फार बोलायचं पण नाही. पहिलं पान दाखवा की त्याला.”

“सुम्ने बस गं.” म्हणजे गप्प बस.

“दाखवा की!”

अण्णा उठून इस्त्रीची वायर तपासायला लागले. अक्कानं हात लांब करून वही ओढली आणि घाईच्या मापाचं पहिलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. नाव अण्णांचं. घाई अकरा इंच. अक्षर अक्काचं.

झालं होतं असं की, अण्णा तरुणपणी लग्नातल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. सगळ्या ऑर्केस्ट्राचे कोट त्यांनीच शिवलेले, त्यामुळे त्यांना कुणी काढूनही टाकत नव्हतं. एका लग्नात त्यांनी इतकं पळवलं, की गाणारा मधेच थांबला आणि माइकमधून म्हणाला, “अण्णा, तुम्ही पुढं व्हा, आम्ही मागून येतो.” मांडव हसला. अण्णांनी गिटार खोळीत घातली. वर्षभर बाहेर काढली नाही. मग एका दुपारी अक्का म्हणाली, “बाही आखूड झाली तर तुम्ही शर्ट जाळता का? किती आखूड झाली ते मोजता ना? हे पण मोजा.” आणि तिनं टेप हातात घेतला. म्हणजे ही सगळी विद्या मूळची अक्काची होती. कोटसुद्धा तिनंच शिवलेला.

“तिची काजं बघितलीस?” अण्णा वायरीकडे बघत पुटपुटले. “दोन काजांतलं अंतर कधी चुकत नाही. माझी गुरू ती. पण सांगायचं नाही कुणाला, डोक्यावर बसते.”

“चाळीस वर्षं बसलेलीच आहे,” अक्का म्हणाली.

त्या दिवसापासून मी चोरी सोडली. वहीतलं माझं पान हळूहळू बदलू लागलं. घाई तीन. घाई सव्वादोन. घाई दोन, पुन्हा अडीच (त्या आठवड्यात लग्नाचा हॉल ठरवायचा होता), मग दीड, मग एक.

आणि मग ती गोष्ट घडली. अण्णा पहिल्यापासून सांगत होते, “टिक ऐकू येते तोवर तू चुकतोयस. बरोबर तिच्यावर ठोका पडला की टिक तुझ्या आवाजात झाकली जाते. मावशी गायब होते.” मला वाटायचं, ही गुरुलोकांची बोलायची पद्धत असते. एका गुरुवारी ऑफिसातून लवकर निघून आलो होतो. मावशी भाजीवालीच्या वेगानं चालली होती. मी वाजवत होतो. बाहेर कुणीतरी अण्णांशी पँटीच्या लांबीवरून हुज्जत घालत होतं, ते मी ऐकत होतो. आणि अचानक टिक बंद झाली. मी चार ठोके वाट बघितली, सहा, आठ. मग थांबून ओरडलो, “अण्णा, मावशीची चावी संपली!”

वळून बघतो तो दांडा आपला डावी-उजवीकडे चाललेला. टिक. टिक. टिक.

अण्णा पँटवाल्याला तसाच सोडून आत आले होते. हातात खडू होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, आणि मोठ्यानं हसले. “सगळेच थांबतात इथं! सगळे चावी बघतात!” मग खडूनं माझ्या स्टुलामागच्या भिंतीवर एक फुली मारली. तिथं आधीच बऱ्याच फुल्या होत्या. इतके दिवस मला वाटत होतं, भिंत रंगवायची आहे.

मी घरी गेलो तो तरंगत. मुक्ताला म्हणालो, “एकदा ऐक तरी.” ती लग्नाच्या याद्यांत बुडाली होती. “बाबा, प्लीज, आत्ता नको,” म्हणाली. जोरात नाही, प्रेमानंच. पण तिच्या कानात अजून ती चालती बस होती.

नोव्हेंबर उजाडला. अण्णांनी एके दिवशी सहज सांगितल्यासारखं सांगितलं, “महिनाअखेर दुकान बंद. मुलानं देवनहळ्ळीला घर बांधलंय. अक्काचे गुडघे वरच्या घराच्या जिन्याला कंटाळलेत.” मग त्यांनीच विचारलं, “मुलीचा ब्लाउज कुठं शिवायला टाकलाय?”

“अजून कुठंच नाही.”

“मग आण की इथं. अक्काच्या हातची शेवटची शिलाई.”

मुक्ता आली. अक्कानं तिला पुढच्या खोलीत उभी करून माप घ्यायला सुरुवात केली आणि अण्णा म्हणाले, “पोरी, माप घेताना माणूस श्वास धरून ठेवतो, मग कपडा चुकतो. गाणं म्हण. अक्का गाणं म्हणायला लावूनच माप घेते.” हे धादांत खोटं होतं. सुनंदाबाईसुद्धा आश्चर्यानं बघत राहिल्या. मुक्ता हसली आणि लग्नात म्हणायचं होतं तेच, तिच्या आईनं शिकवलेलं साधंसं गाणं म्हणू लागली. अण्णांनी मला डोळ्यांनी खूण केली. मावशी कोट घालून टेबलावर गप्प होती.

मी साथ धरली. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी माझी घाई शून्य होती. एक ठोका इकडचा तिकडे नाही. मुक्तानं चमकून माझ्याकडे बघितलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात ती एका शब्दावर जरा रेंगाळली, आवडता शब्द असावा, आणि मी माझ्या बिनचूक ठोक्यांवर स्वार होऊन पुढे निघून गेलो. ती मागे राहिली. थांबली. “छान झालंय बाबा,” म्हणाली. “खरंच, खूप सुधारलंय.” तो आवाज मला ओळखीचा होता. आपण पाहुण्यांच्या मुलाच्या चित्रकलेचं कौतुक करतो, तो.

ती आत साडीचा पोत दाखवायला गेली. मी गिटार खाली ठेवली. “अण्णा, एक टिकसुद्धा चुकली नाही.”

“होय की. मावशीचा झालास पक्का. आता पोरीचा हो.”

“म्हणजे?”

अण्णांनी टेप माझ्या छातीभोवती गुंडाळला आणि घट्ट धरला. “श्वास घे.” मला घेता येईना. “बेचाळीस छातीला बेचाळीस शिवलं तर काय होईल? पहिल्या श्वासाला फाटेल. टेप खोटं बोलत नाही, पण टेपाएवढंच शिवायचं नसतं. आम्ही अर्धा इंच जास्त सोडतो. तो दिसत नाही, त्यात माणूस श्वास घेतो. घाई गेली तुझी. आता अर्धा इंच सोडायला शिक.”

त्यानंतर त्यांनी मावशीला पिशवीत भरलं आणि उरलेले दिवस स्वतः गायले. अण्णांचा आवाज म्हणजे कात्रीनं जाड कापड कापल्यासारखा. ते ओळीच्या मधेच थांबत. कधी शिंकायला, कधी गिऱ्हाइकाला “उद्या बा, उद्या!” सांगायला, कधी नुसतंच. मी खालच्या तारेवर लय धरून थांबायचं आणि ते परत आले की जणू काही झालंच नाही अशा थाटात त्यांना उचलायचं. एकदा तर ते गाणं अर्धवट सोडून बाहेर गेले आणि रिक्षावाल्याशी भाडं ठरवून परत आले. मी वाजवतच होतो. त्यांनी पुढची ओळ उचलली. मी तिथंच होतो. “अष्टे!” अण्णा म्हणाले. त्या आठ महिन्यांत माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं अष्टे.

दुकान रिकामं झालं त्या दिवशी सुनंदाबाईंनी स्टुलं मोजली आणि मी गिटारी भिंतीवरून उतरवल्या. भिंतीवर फुल्या राहिल्या. मावशी मला मिळेल अशी माझी चोरटी आशा होती. अण्णांनी ओळखली. “ती आमच्याबरोबर येते. तुला आता तिचं काय काम?” म्हणाले आणि टेंपोत पुढे, ड्रायव्हरशेजारी, तिला मांडीवर घेऊन बसले.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी मुक्ताच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. म्हणालो, “ट्रॅक असू दे. मोबाईल हाताशी ठेव. मी बसमध्ये चढवलं असं वाटलं, तर सरळ तो लाव. मी उठून जाईन, रागवणार नाही.” आणि मग मी गप्प बसलो. तिनं बोलायला बराच वेळ घेतला. पूर्वी एवढ्या वेळात मी तिचं उत्तर, त्यावर माझं उत्तर आणि समारोप, सगळं उरकलं असतं. शेवटी ती म्हणाली, “बरं. बसा माझ्या डावीकडे.”

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली, मंडपात माणसं सुस्तावली आणि मुक्ता गायला उभी राहिली. अंगात अक्कानं शिवलेला ब्लाउज होता. अण्णा-अक्का दोन बस बदलून आले होते. मंडपाच्या शेवटी, पानाच्या टेबलाजवळ, नव्या कोऱ्या सदऱ्यावर टेप लटकावून अण्णा उभे होते.

पहिलं कडवं, दुसरं कडवं. मोबाईल तिच्या शेजारी खुर्चीवर होता. तिसऱ्या कडव्यात तिची नजर आईकडे गेली आणि ती त्या आवडत्या शब्दावरच अडली. गाणं थांबलं. तिचा हात मोबाईलकडे गेला नाही, हे मी पाहिलं. मी खालची तार हलकेच वाजवत राहिलो. पुढे नाही, मागे नाही. पुलावर उभा होतो, मला कुठंही जायचं नव्हतं. तिनं डोळे पुसले, श्वास घेतला, जरा हसली आणि तोच शब्द पुन्हा उचलला. मी तिथंच होतो.

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी टेप वर धरला होता, दोन अंगठ्यांमध्ये दाबलेला. एवढ्या लांबून इंच काही वाचता येत नव्हते, पण मला ठाऊक होतं किती ते. जाताना त्यांनी माझ्या हातात एक घडी केलेला कागद ठेवला आणि पाठीवर थाप मारून बस पकडायला निघून गेले. ते माझ्या मापाचं पान होतं, वहीतून नीट कापून काढलेलं. पावणेचारापासून सगळे आकडे होते. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ‘अर्धा इंच सोडला आहे.’ अक्षर अक्काचं होतं.

मुक्ताचा जयपूरहून दर रविवारी सकाळी फोन येतो. ती बोलता बोलता थांबते. नवं गाव, नवी माणसं, सांगावं की नको असं काहीतरी मनात असतं. पूर्वी मी तिचं वाक्य पूर्ण करून, सल्ला देऊन, फोन आईकडे देऊन मोकळा झालो असतो. आता मी नुसता फोन कानाला लावून बसतो.

“बाबा?” ती विचारते. “लाइन कट झाली का?”

“नाही गं,” मी म्हणतो. “आहे मी. बोल तू.”